बी.ए.च्या पहिल्या वर्षाला को-करिक्युलरची (अभ्यासाला जोडून असलेल्या उपक्रमांची) २ क्रेडिट मिळवायला कोणत्या कार्यक्रमांना जावं?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात आहात, रोज येष्टीनं जाणं-येणं आहे, आणि गावातले कार्यक्रम क्रेडिटसाठी चालतात का असं विचारलंय. चालतात. पण आधी तासांचा हिशेब करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात समाजसेवा आणि क्षेत्रकार्याच्या १ क्रेडिटला ३० तास धरले आहेत, म्हणजे २ क्रेडिटला ६०. नुसतं दोन-दोन तासांच्या व्याख्यानांना बसलात तर तीस व्याख्यानं लागतील, आणि एका सत्रात तेवढी होत नाहीत. म्हणून एक मोठं, सलग काम धरा आणि बाकीचे कार्यक्रम त्याच्या भोवती बसवा.

सगळ्यात भरवशाचं काम रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस). वर्षाला १२० तास नियमित काम, शिवाय दत्तक गावात ७ दिवसांचं निवासी शिबिर. त्यातले किती तास कोणत्या क्रेडिटला लागतात हे विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे प्रत्यक्ष पाहून घ्या. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. ऑक्टोबरपासून सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, आणि पोरं-पोरी वावरात गुंतल्यानं हजेरी तुटते. म्हणून जुलै ते सप्टेंबरमध्येच जास्तीत जास्त तास भरून काढा. शिबिर मुक्कामी असतं, संध्याकाळच्या गाडीनं घरी परतणाऱ्यांची हजेरी अर्धवट राहते. मुलींनी घरची परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

ग्रामसभेला जा, हे मी आवर्जून सांगेन. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतलेल्यांना यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ती भरते, आणि तिच्या आधी महिलांची सभा होते. दोन्हींना बसा. मत देण्याचा अधिकार त्या गावच्या मतदारांनाच, पण टिपणं काढायला अडचण नसते, फक्त सरपंचांना आदल्या दिवशी सांगा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तुमचा दिवस जातो, म्हणून तहकूब सभेची तारीख तिथेच लिहून घ्या. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामं, पाणीपट्टी यांवर कोण काय बोललं ते लिहिलंत तर अहवाल आपोआप उभा राहतो.

श्रमदानाचं वनराई बंधाऱ्याचं (नाल्यात गोण्या रचून घातलेल्या कच्च्या बांधाचं) काम नाल्याची धार बारीक झाल्यावर, पाऊस संपता संपता करायचं. रिकाम्या सिमेंटच्या किंवा खताच्या गोण्या अंदाजे दोन तृतीयांशच भरा. ठासून भरलेली गोणी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही आणि मधून पाणी निसटतं. विटांसारखे सांधे चुकवून रचा, वरच्या अंगाला माती दाबा.

युवा महोत्सव, आविष्कार (संशोधन), इंद्रधनुष्य (सांस्कृतिक), अश्वमेध (क्रीडा) या विद्यापीठ पातळीवरच्या स्पर्धांत निवड झाली तर सराव आणि प्रवासाचे तासही मोजले जाणार का, हे जाण्याआधीच लेखी विचारा. एकच तास रासेयोत आणि फिल्ड प्रोजेक्टमध्ये दोन्हीकडे दाखवू नका, पडताळणीत ते निघतं.

बहुतेकांचं काम अडतं ते कागदावर. 'सहभाग घेतला' एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. त्यावर पूर्ण नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), तारीख, कितीपासून किती वाजेपर्यंत, ठिकाण, कामाचं स्वरूप, एकूण तास, सही आणि शिक्का हवा. कोरा नमुना आधीच छापून न्या, कारण ग्रामपंचायतीत शिक्का ज्यांच्याकडे असतो ते रोज गावात नसतात. रोजनिशी त्याच दिवशी लिहा. फोटोत तारीख आणि ठिकाण दिसू द्या.

क्रेडिट शेवटी अपारच्या (विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळखीच्या) १२ आकडी क्रमांकावर जमा होतात. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल (वडिलांचं नाव गळणं, 'राव' जोडलेलं असणं) तर ते खात्यात दिसायला अडकतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्या सत्रातच करून घ्या, आणि निकाल लागल्यावर डिजिलॉकरमध्ये २ क्रेडिट खरंच चढली का ते तपासा.