सोरायसिस पुन्हा त्याच जागी का येतो?

प्रश्न : माझ्या कोपरांवर अनेक वर्षांपासून सोरायसिसचे चट्टे आहेत. औषधाने ते जातात आणि काही महिन्यांनी नेमके त्याच जागी परततात. डॉक्टर म्हणतात, की हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. दोष त्वचेत दिसत असताना हे कशावरून ठरले?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला पडलेला प्रश्न संशोधकांनाही दीर्घकाळ पडला होता. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास एरवी सुमारे महिना लागतो, तर सोरायसिसच्या चट्ट्यात हेच चक्र काही दिवसांत पुरे होते. त्यामुळे मूळ बिघाड त्वचेच्या पेशींतच असावा, असे मानले जाई. १९७९ मध्ये मात्र, सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या रुग्णांचा सोरायसिसही ओसरल्याचे आढळले. हे औषध प्रामुख्याने टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, आवरते, म्हणून संशयाची सुई हळूहळू त्यांच्याकडे वळली.

पुढचा पुरावाही औषधांनीच दिला, आणि मला या संशोधनाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले उस्टेकिनुमॅब इंटरल्यूकिन-१२ आणि इंटरल्यूकिन-२३ या दोन्ही संदेशवाहक प्रथिनांना अडवते, कारण दोघांत एक घटक समान आहे. तेव्हा खरा दोषी कोण, हे त्यावरून कळत नव्हते. नंतर केवळ २३ला अडवणारे गुसेलकुमॅब (मान्यता २०१७) अत्यंत परिणामकारक ठरले आणि उलगडा झाला. इंटरल्यूकिन-२३ ज्या टी पेशींना पोसते, त्या इंटरल्यूकिन-१७ सोडतात. त्याच्या प्रभावाने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, शिवाय स्वतःही दाहाचे संदेश पाठवून आणखी पांढऱ्या पेशी बोलावून घेतात, आणि हे चक्र चालू राहते.

आता त्याच जागेविषयी. चट्टा गेल्यावरही त्या ठिकाणच्या त्वचेत स्मृती असलेल्या काही टी पेशी मुक्काम ठोकून राहतात. घशाचा संसर्ग, जखम किंवा मानसिक ताण यांसारखे निमित्त मिळाले, की त्या पुन्हा सक्रिय होतात. या पेशींना कायमचे कसे हटवावे, यावर सध्या काम चालू आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही, हे घरच्यांना अवश्य सांगावे. वर सांगितलेल्यांसारखी, प्रतिकारशक्तीच्या ठरावीक प्रथिनांना अडवणारी जैविक औषधे सुचवली गेल्यास आधी क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे सुप्त क्षयसंसर्ग सर्रास आढळतो आणि यांतील काही औषधांनी, विशेषतः टीएनएफ या दाहाच्या संदेशवाहक प्रथिनाला अडवणाऱ्या टीएनएफ-रोधकांनी, तो जागा होऊ शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र परस्पर घेऊ नयेत, कारण त्या अचानक थांबवल्यास पूयुक्त फोडांचा गंभीर सोरायसिस उद्भवू शकतो.