मोटरहोममागे चारही चाकांवर गाडी ओढायची तर

अमेरिकेत आल्यावर सुरुवातीचे काही महिने मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं आणि मागे छोटी गाडी ओढत न्यायची, त्यासाठी काय काय सामान लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी इथे अशीच गाडी मागे लावून फिरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सामानाआधी गाडी ठरवा, कारण प्रत्येक गाडी चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढता येत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि मैलोन् मैल नुसती चाकं फिरून तो जळतो. जीप रँग्लर चालते, कारण तिचा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलला टाकता येतो. होंडा सीआर-व्ही 2014 च्या मॉडेलपर्यंत चालायची, 2015 ला सीव्हीटी (बिनपायऱ्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला आणि ते संपलं. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, नेमक्या त्याच वर्षाचं मॅन्युअल उघडून ‘रिक्रिएशनल टोइंग’चं (मोटरहोममागे गाडी ओढण्याचं) पान स्वतः वाचा. गाडीचं वजन मोटरहोमच्या हिचला (मागच्या जोडणीला) आणि एकूण वजनमर्यादेला झेपतंय ना, हेही बघा. त्या मर्यादेत माणसं, पाणी, सामान सगळं धरलेलं असतं.

मग बेस प्लेट, म्हणजे टो बार (ओढायचा दांडा) गाडीला जिथे अडकतो तो आधार. ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसते आणि मॉडेलप्रमाणे वेगळी मिळते. बसवताना बहुधा पुढचा बंपर काढावा लागतो, तेव्हा हे काम जाणत्या दुकानातच करून घ्या. टो बार मोटरहोमच्या हिचवर घडी होऊन राहणारा घ्या. जोडल्यावर तो जमिनीला जवळपास समांतर हवा. तीन-चार इंचांहून जास्त चढउतार असेल तर ड्रॉप रिसीव्हर (जोडणीची उंची जुळवणारा तुकडा) लावावा लागतो. बारखालून फुलीसारख्या नेलेल्या सेफ्टी केबल आणि मागच्या दिव्यांची वायरिंग तर हवीच.

ब्रेकच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. किती वजनाला मागच्या गाडीचे ब्रेक लावणारी वेगळी सोय सक्तीची, हे राज्याराज्यांत बदलतं, पण नियम काहीही असो, ती बसवाच. दीड-दोन टनांची गाडी उतारावर मागून ढकलत असते. ब्रेकचं पेडल दाबणारी, पेडलपाशी ठेवायची पेटी मिळते, ती दर वेळी काढा-घाला करावी लागते. तुम्ही सारखे जागा बदलणार असाल तर कायमचा बसवलेला, मोटरहोमच्या ब्रेकच्या प्रमाणात दाबणारा प्रकार घ्या. सोबत ब्रेकअवे स्विच हवा. बार निखळलाच तर त्याची पिन ओढली जाते आणि गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. त्याची बारीक केबल टो बारला अडकवू नका, थेट मोटरहोमला अडकवा. बारला लावली तर टो बारसकट ती गाडीबरोबर जाईल आणि पिन निघणारच नाही. ब्रेकची पेटी गाडीची बॅटरी खाते, म्हणून मोटरहोमकडून चार्जिंगची एक वायरही ओढून घ्या.

गाडी जोडलेली असताना रिव्हर्स घेऊ नका. पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि बार वाकतो. मुक्कामाची जागा बुक करताना सरळ आत शिरून पुढून बाहेर पडता येईल अशी पुल-थ्रू जागा मागा.

जोडून झालं की हळूच थोडं पुढे जा, बारचे दोन्ही हात ‘खट्’ करून लॉक होतात. चारही चाकं नीट फिरताहेत का, हे दुसऱ्याला खाली उभं करून बघायला सांगा. दहा-पंधरा मैलांवर थांबून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक घासतोय, तो मोकळा झाल्याशिवाय पुढे निघू नका.