वाचकांचे प्रश्न : नायिका रडते, वाचक रडत नाही

प्रश्न : माझ्या कथेतली बाई यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. नवऱ्याने आत्महत्या केली. ती पानोपानी रडते, तरी वाचणारे म्हणतात, खरं वाटत नाही. काय चुकतं?

उत्तर : ती फार रडते, हेच. मसुद्यातले ‘हंबरडा’, ‘आभाळ कोसळलं’ खोडून टाका. दहा पानांत एकदा रडू द्या, तेही भलत्याच वेळी. धक्का बसलेलं माणूस पुष्कळदा सुन्न होऊन कामाला लागतं. तेरवी झाली की ती कमरेला कापडाची ओटी बांधून कापूस वेचायला जाते. शेजारीण म्हणते, ‘चाल वं, दव सुकलं.’ चुकून दोन ताटं वाढण्याचा प्रसंग मात्र नको, तो आता गुळगुळीत झालाय.

आघाताची आठवण सलग येत नाही. वास, आवाज, असे तुकडे येतात. शेजारच्या तुरीवर फवारणी सुरू होते, वास येतो. तिचा हात बोंडावरच थांबतो. ती ओटी तिथंच सोडते आणि लांबच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, घरी जाते. दुसऱ्या दिवशीही त्याच लांबच्या वाटेनं. का, ते सांगू नका. लेखक नेमका इथंच खुलासा करतो आणि प्रसंग मरतो.

कागदपत्रंही वापरा. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर १ लाखाची सरकारी मदत मिळते, त्यातले ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. चौकशीत ती कर्जाचा आकडा, हप्त्याची तारीख बिनचूक सांगते. नवऱ्याचं वय विचारल्यावर अडखळते. तिथं परिच्छेद संपवा.