चित्र काढताना टाइप एरर येतोय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): ताई, प्रोजेक्टसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत आपला राजवाडा काढतोय, सात मजले, उंची 500 पिक्सेल. 500.0 भागिले 7 करून ड्रॉरेक्टला (चौकोन काढणाऱ्या मेथडला) दिलं तर ‘पॉसिबल लॉसी कन्व्हर्जन फ्रॉम डबल टू इंट’ (डबल म्हणजे दशांश आकडा, इंट म्हणजे पूर्णांक) येतं. इंटचा कास्ट लावला (आकडा जबरदस्तीने इंट केला) तर एरर जातो पण वर बारीक पट्टी रिकामी राहते.

उत्तर: अरे वा, राजवाडा! ड्रॉरेक्टला चारही आकडे इंटच लागतात आणि तू 71.43 च्या आसपासचा डबल दिलास, म्हणून कंपायलर अडला, आणि अडला ते बरंच झालं. कास्ट तू भलत्या जागी लावलास. मजल्याची उंचीच कापून 71 केलीस, सात मजल्यांचे झाले 497, वरचे 3 पिक्सेल तिथेच गेले. उंची डबलच राहू दे, प्रत्येक मजल्याची रेघ मजला नंबर गुणिले उंची अशी काढ आणि राऊंड अगदी शेवटी कर. मग रेघा 0, 71, 143, 214 अशा येतील, कुठला मजला 71 चा कुठला 72 चा, पण शेवटची रेघ बरोब्बर 500 वर. आता एक खड्डा अजून आहे बघ, मॅथ राऊंडला डबल दिला की ते लाँग (मोठा पूर्णांक) परत देतं, म्हणजे तोच एरर पुन्हा, फक्त डबलच्या जागी लाँग लिहिलेलं. तेव्हा राऊंडच्या उत्तराला इंटचा कास्ट हवाच.

प्रश्न (राजेंद्र नगर): मुलगी नववीत आहे, पायगेममध्ये (पायथन भाषेच्या गेम लायब्ररीत) गेम करतेय. ‘आर्ग्युमेंट 1 मस्ट बी पायगेम सरफेस, नॉट प्लेअर’ असं येतं. फोटो तर नीट लोड होतोय.

उत्तर: दादा, फोटोत काही दोष नाही. ब्लिट म्हणजे चित्र पडद्यावर चिकटवणारी मेथड, तिला नुसतं चित्र (सरफेस) हवंय आणि तिने अख्खा प्लेअर ऑब्जेक्ट दिलाय, ज्याच्या पोटात ते चित्र आहे. प्लेअर डॉट इमेज द्यायला सांगा. क्लास पायगेमच्या तयार स्प्राइट क्लासवरून केला असेल तरी ब्लिटला ते कळत नाही, स्प्राइट ग्रुपच्या ड्रॉला कळतं, पण तिथे नावं इमेज आणि रेक्ट हीच ठेवावी लागतात.

प्रश्न (लोकमान्य नगर): माझा सर्कल क्लास शेपला एक्स्टेंड करतो (त्यावरून बनलाय), तरी जावाच्या ग्राफिक्स टूडीचा ड्रॉ म्हणतो ‘सर्कल कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू शेप’. असं कसं?

उत्तर: याच्यात मी स्वतः एकदा अख्खी दुपार घालवलीय, त्यामुळे तुझी चिडचिड अगदी कळते. शेप दोन आहेत. एक तू लिहिलेला क्लास, दुसरा जावाच्या एडब्ल्यूटी या चित्रं-खिडक्यांच्या पॅकेजमधला इंटरफेस, आणि ड्रॉला दुसरा हवाय. वर एडब्ल्यूटी स्टार (म्हणजे त्या पॅकेजमधलं सगळं) इम्पोर्ट केलेलं असलं तरी तुझ्याच पॅकेजमधला शेप जिंकतो, आणि एररमध्ये नुसतं ‘शेप’ दिसतं म्हणून माणूस आपल्याच क्लासकडे बघत बसतो. तुझ्या क्लासचं नाव आकृती ठेव, त्यात स्वतःची ड्रॉ मेथड लिही जी ग्राफिक्स टूडी घेईल, आणि आत एलिप्स टूडी डबल (जावाचा तयार लंबगोल) बनवून तो काढ. तरी अडलं तर एररची पूर्ण ओळ पाठव, ओळ नंबरासकट.