नाशिकहून ऑस्ट्रेलियाला जाताना कूबर पेडीला वेळ द्यावा का?

द्यावा, पण मुक्काम करणार असाल तरच. ॲडलेडला मुलीकडे आई-वडिलांना घेऊन जाताय आणि मधल्या सुट्टीत ओपल या रत्नाच्या खाणींचं हे गाव उरकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. उरकायला जाऊ नका. ॲडलेडपासून ते साधारण ८५० किलोमीटर आहे, म्हणजे नाशिक-नागपूरपेक्षाही लांब. वाटेतलं पोर्ट ऑगस्टा शहर सोडलं की मैलोन् मैल वस्ती नाही. अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून वाटेत एक रात्र थांबा. डिसेंबर-जानेवारी टाळा, तेव्हा पारा ४५च्या वर जातो. मे ते ऑगस्ट उत्तम.

मला स्वतःला दगडांचं वेड आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तुम्ही पाहिलं असेलच. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेले ते स्फटिक कोनदार असतात. ओपलला कोनच नसतात. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल एकसारखे रचले जातात, त्यांच्यामधून प्रकाश फुटतो आणि दगड हलवला की लाल-हिरवं पेटतं. रंगद्रव्याचा त्यात काही संबंध नाही. कूबर पेडीत १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिला ओपल सापडला. वडील सोनं शोधायला निघाले होते, मुलगा पाण्याच्या शोधात होता! आजही खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग उपसत बसता येतं. त्यासाठी गावात मोकळी ठेवलेली जागा आहे, तिथेच बसा. दुसऱ्याच्या क्लेमवर, म्हणजे खोदण्याचा हक्क घेतलेल्या जागेवर, पाऊल टाकू नका आणि फोटो काढताना मागे सरकू नका. हजारो खड्डे उघडे आहेत.

विकत घेताना तो अखंड आहे, डब्लेट की ट्रिपलेट, हे बिलावर लिहून घ्या. डब्लेट-ट्रिपलेटमध्ये ओपलचा पातळ थर चिकटवलेला असतो. किमतीत फार मोठा फरक पडतो आणि पाण्यात राहिले तर सांधे खराब होतात.

रात्र मात्र जमिनीखालीच काढा. खोल्या वालुकाश्मात कोरलेल्या असतात, आत बारा महिने पंचविशीच्या आसपास तापमान. सर्बियन चर्चही असंच कोरलेलं आहे, ते आईंना नक्की दाखवा. बरीच घरं टेकडीच्या कुशीत आडवी खोदलेली असल्याने जिने लागत नाहीत. तरी बुकिंग करताना आई-वडिलांच्या गुडघ्यांचं सांगून ठेवा आणि दाराशी पायऱ्या आहेत का ते विचारा.