दप्तरातली भरलेली बाटली

"मॅडम, नऊ वर्षांचा घोडा झालाय, तरी अंथरूण ओलं करतो. मुद्दाम करत असेल का हो?"

आईने हे विचारलं तेव्हा मुलगा शेजारीच बसला होता. मान खाली, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत. मी त्याला बाहेर चित्र काढायला बसवलं आणि आईला आधी एकच विनंती केली: हा विषय त्याच्यादेखत असा काढू नका.

मुद्दाम कुठलंच मूल झोपेत शू करत नाही. कुणाच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, कुणाच्या मूत्राशयात कमी मावतं, आणि ते भरलं तरी जाग येत नाही. पाचव्या वर्षी शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी पाचेक मुलांना. मुलग्यांमध्ये जास्त. पन्नासांच्या वर्गात असं आणखी एखादं मूल सहज असेल. त्याची आईही कुणाला सांगत नसते.

या घरात सगळे उपाय करून झाले होते. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. रात्री दोनला आजी उठवून बाथरूममध्ये न्यायची, तो झोपेतच उभा. समोरच्या बिल्डिंगला कळू नये म्हणून गादी पंख्याखाली वाळायची. आईला रात्रीचं सगळं पाठ होतं. मी दिवसाचं विचारलं, तेव्हा ती अडखळली.

मग मुलाला बोलावलं आणि बाटली दाखव म्हटलं. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. सकाळी भरलेली बाटली गळ्यापर्यंत तशीच. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "शाळेत बाथरूमला कडी नाहीये. मोठी मुलं दार ढकलतात."

म्हणून तो दिवसभर पाणी पीत नव्हता, शू दाबून ठेवत होता आणि घरी आला की घटाघटा प्यायचा. शीसुद्धा तीन-तीन दिवस होत नव्हती. साठलेला मळ मूत्राशयावर दाब आणतो, त्यामुळे बद्धकोष्ठता हे रात्री अंथरूण ओलं होण्याचं एक मोठं कारण आहे. मुलाचं पोट रोज साफ होतं का, हे फार कमी पालक सांगू शकतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या भेटीला वडील आले. निघता निघता दारात थांबून म्हणाले, "मलाही सातवीपर्यंत व्हायचं." बायकोलाही हे माहीत नव्हतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते, दोघांना असेल तर सत्तरच्या वर. "हे त्याला सांगा," मी म्हटलं. त्यांनी त्याच रात्री सांगितलं. मुलाने विचारलं, "मग आजी तुम्हालाही उठवायची?"

बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासली, पोटासाठी औषध दिलं. बाईंशी बोलून त्याला शिक्षकांचं बाथरूम वापरायची परवानगी मिळवली. दिवसा पाणी, दर दोन-तीन तासांनी शू, झोपण्याआधी एकदा. यातून भागलं नाही तर ओल लागताच वाजणारा अलार्म असतो, पण त्याला दोन-तीन महिने चिकाटी लागते. गोळीही असते, ती डॉक्टरांनीच द्यायची.

सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, जळजळ, खूप तहान, वजन उतरणं किंवा रोजचं मोठं घोरणं असेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठा. घरात बाळ आल्यावर किंवा भांडणं वाढल्यावर नव्याने सुरू झालं असेल, तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. दहा दिवसांत दोनदाच ओलं. सहलीला एक रात्र मुक्कामी पाठवू का, विचारत होत्या. पाठवा म्हटलं. बॅगेच्या तळाशी एक जादा पँट आणि प्लास्टिकची पिशवी ठेवा. बाईंना सांगायचं का, ते त्यालाच विचारा.