वीप होलमधून थेंब येतायत? आधी पाना खाली ठेवा

प्रश्न असा आहे: वॉटरजेटच्या (प्रचंड दाबाच्या पाण्याच्या धारेने कापणाऱ्या मशीनच्या) कटिंग हेडजवळ, पाइपच्या जोडावरच्या बारीक भोकातून थेंब येतायत, आणि सिनियर म्हणतात, "मशीन चालूच राहू दे, नट जरा आवळून घे."

आवळू नका. सिनियर कितीही जुने असोत. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. तुमच्या त्या पाव इंची नळीत ६० हजार पीएसआय आहे.

ते भोक म्हणजे वीप होल. या जोडात वॉशर नाही, टेफ्लॉन टेपही नाही. नळीचं शंकूसारखं टोक सीटमध्ये, म्हणजे समोरच्या फिटिंगमधल्या खळग्यात, रुततं. दोघांच्या कोनात एखाद अंशाचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून धातू धातूला एका बारीक रेषेवरच टेकतो. त्या रेषेवर ओरखडा पडला की पाणी निसटतं, आणि ते आट्यांवर दाब न आणता बाहेर पडावं म्हणून हे भोक. एका वर्कशॉपमध्ये मी ते एम-सीलने बुजवलेलं पाहिलंय. वर त्यांनाच त्याचं कौतुक!

ओरखडा आवळून बुजत नाही, उलट सीट खराब होते. आणि गळती नळीला गेलेल्या तड्यामुळे असेल, तर पाना हातात असतानाच नळी निखळू शकते. दर वेळी जेट चालू-बंद झाला की नळी ताण खाते, त्यामुळे तडा जाणं यात नवल नाही.

पंप बंद, मेन स्विचला कुलूप, चावी तुमच्या खिशात. मग ब्लीड व्हॉल्व्ह (दाब बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून दाब सोडा. इथेच लोक फसतात: पंपावरचा गेज शून्य दाखवतो, पण मधला व्हॉल्व्ह बंद असेल आणि हेडचा ऑरिफिस (जिथून धार निघते ते बारीक छिद्र) चोंदलेला असेल, तर पुढच्या नळीत दाब अडकून राहतो. हेडचा व्हॉल्व्हही उघडून बघा. नट सोडताना दुसऱ्या पान्याने फिटिंग धरा, नाहीतर नळी पिळवटते. नळीच्या टोकावर बसणाऱ्या कॉलरचे आटे उलटे असतात, हे विसरून मी सुरुवातीला एक चांगली नळी वाया घालवली. टोकावर नख फिरवा. अडकलं तर टोक कापून नव्याने कोन करा, नाहीतर नळीच बदला. कॉलरपुढे एक-दोन आटे दिसायला हवेत. आवळायचं ते टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. पुन्हा सुरू करताना आधी कमी दाब, आणि जवळ कोणी नको.

गळती शोधायला हात फिरवू नका, हातमोजा घालूनसुद्धा नाही. लांब काठीला पुठ्ठा बांधून तो फिरवा.

आणि कधी लागलंच, तर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसेल, सुरुवातीला फारसं दुखणारही नाही. हळद किंवा बँडेज लावून शिफ्ट पुरी करू नका. आत पाणी, गार्नेटचे (कापण्यासाठी पाण्यात मिसळलेल्या खरखरीत वाळूचे) कण आणि जंतू खोलवर गेलेले असतात, तासागणिक सूज चढते. थेट जिथे हाताची शस्त्रक्रिया होते अशा हॉस्पिटलात जा आणि "उच्च दाबाचं पाणी आत शिरलंय" असं स्पष्ट सांगा, कारण नुसता ठिपका पाहून तुम्हाला घरी पाठवतील. आमच्याकडे हे वाक्य लिहिलेलं कार्ड प्रत्येक ऑपरेटरच्या खिशात असतं.